लोकरीला लावलेला कलप

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी शेवटच्या रांगेत, पत्र्याच्या छपराची एक शेड होती. तिथे केसांचा कलप बनायचा. आठवड्याच्या बाजारात पुड्यांच्या माळा टांगून विकतात ना, ती काळी पावडर. मी तिथे अकरा वर्षं केमिस्ट होते. पावडरचं मिश्रण तपासायचं, पांढऱ्या केसांच्या बटेवर लावून रंग चढतो का बघायचा आणि वहीत लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम. बाकी पॅकिंगला नऊ बाया. मालक कल्याणहून यायचे. त्यांना आम्ही सगळ्या साहेब म्हणायचो.

त्या वर्षी आषाढात साहेबांनी मला आत बोलावलं. बाजारात शाम्पूसारखा लावायचा रंग आला होता आणि आमच्या पुड्या दुकानदार घेईनासे झाले होते. साहेब टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "दिवाळीपर्यंत ढकलतो. पुढचं काही खरं नाही. बायांना एवढ्यात सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण पॅकिंगच्या टेबलापाशी निम्मे स्टूल दुपारीच रिकामे व्हायला लागले, तेव्हा सांगायची गरज उरली नाही.

नऊजणींत सगळ्यात जुनी एक मावशी होती. मुरबाडच्या वरच्या अंगाला तिचं गाव. नवरा नव्हता. मुलगी कसाऱ्याला दिलेली. पहाटे भाकरी बांधून तासभर चालत रस्त्याला यायची आणि तिथून जीपने शेडमध्ये. तिचे हात मनगटापर्यंत काळपट झालेले होते, नखं तर कोळशासारखी. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या. काम करता करता मध्येच उठून ती हात भिंतीच्या खरबरीत प्लास्टरवर घासायची. खाज यायची तिला. आम्ही सगळ्याच ते बघत होतो. मी तिला खोबरेल तेल आणून दिलं होतं. माझ्या कपाटात हातमोज्यांचा खोका होता. सुरुवातीला मी तो वाटलाही होता. पण मोजे घालून पुडी नीट चिकटवता येत नाही, हात घामेजतात म्हणून बायांनी ते काढून ठेवले आणि मी पुन्हा आग्रह धरला नाही. मी स्वतः मात्र मोजे घातल्याशिवाय डब्याचं झाकणही उघडत नसे.

एकदा जेवायच्या सुट्टीत मावशी म्हणाली, "मानसाच्या केसाला बसतो, मंग लोकरीला का नाय बसायचा गो? मेंढराचे केसच ना ते?"

बाया हसल्या. मी हसले नाही. माझ्या हातातला घास तसाच राहिला, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. कॉलेजात शिकले होते मी ते. केस, लोकर, रेशीम यांची घडण एकाच जातीची. कलपाचे कण आधी बारीक आणि बिनरंगाचे असतात. ते केसाच्या आत शिरतात, तिथे एकमेकांना धरतात, मोठे होतात, काळे होतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. वेलीवरचा कोवळा भोपळा बाटलीत सोडला की तो आतच वाढून बसतो ना, तसं. लोकरीच्या धाग्यातही ते तसेच अडकून बसायला हवेत. शिवाय लोकर रंगवायची म्हणजे एरवी पाणी उकळत ठेवावं लागतं. आमच्या कलपाला चूल नको होती की भट्टी. थंड पाणी आणि थोडा वेळ बास.

दुसऱ्या दिवशी मावशीने घरच्या जुन्या घोंगडीच्या पांढऱ्या दशा कापून, कागदात गुंडाळून आणल्या.

पहिला धागा शेणासारखा हिरवट निघाला. दुसऱ्या वेळी अमोनिया जास्त झाला. धागा काळा झाला खरा, पण काथ्यासारखा राठ. बोटांत धरला तर तुटायचा. मी अमोनिया उतरवला, पेरॉक्साइड उतरवला, वेळ वाढवला. डबा झाकून ठेवायचा, मग थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून धागा काढायचा. रोज चार-पाच धागे. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून मी ते खिडकीच्या गजांना लावायचे. बाया जाता-येता बघायच्या. मध्येच मी सुती टॉवेलवरही करून पाहिलं. एका धुण्यात त्याचा खरकट्या पाण्यासारखा रंग झाला. मावशी टॉवेल झटकत म्हणाली, "झाडाला केस नसतात गो. कापूस तो."

गणपती झाले आणि त्यानंतरच्या एका दुपारी डब्यातून जो धागा निघाला, तो भर उन्हात धरला तरी त्यात तपकिरी झाक दिसेना. मऊही राहिला होता. साबणाने तीनदा धुतला, रंग हलला नाही. साहेबांनी तो चष्मा वर करून पाहिला, बोटाला गुंडाळला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

साहेबांच्या ओळखीची एक बाई कल्याणला थंडीच्या कपड्यांचं दुकान चालवायची. तिला काळे लोकरी मफलर हवे होते. पांढरे ती देणार, आम्ही रंगवून द्यायचे. दिवाळी आली आणि गेली, शेडला कुलूप लागलं नाही. दुकानदारणीने पहिले गठ्ठे पाठवले तेव्हा बायांनी ते पांढरे मफलर गालाला लावून पाहिले. घमेली, टब, पिंप जे मिळेल ते मांडलं. कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी लागली. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये मी गाणी ऐकली नव्हती.

एक गोष्ट माझ्या वहीत ठळक लिहिलेली होती. रंग चढल्यावर सात पाणी धुवायचं. जे कण धाग्यात अडकलेले नाहीत, नुसते चिकटून राहिलेत, ते निघून गेले पाहिजेत. तेच अंगाला लागतात.

माल द्यायला आठवडा उरला आणि बोअरची मोटर जळली.

माझं लहानपण भातसानगरला गेलं. वडील धरणावर नोकरीला होते, पाण्याची पातळी रोज टिपून ठेवायची हे त्यांचं काम. कॉलनीत नळ सोडला की पाणी. त्या पाण्यावर मुंबई जगते, असं वडील अभिमानाने सांगायचे. मोटर जळल्यावर चार दिवस मी टँकरवाल्याला दिवसातून दहा वेळा फोन करत होते. टँकर आला एकदाच आणि तोही अर्धा. साहेब म्हणाले, "किती पाण्यांत भागेल?"

मी मफलरचं टोक पांढऱ्या ओल्या चिंधीत धरून पिळलं. तीन पाण्यांनंतर चिंधीवर पुसट डाग आला. फार पुसट. चहाचा कप उचलल्यावर खाली राहतो ना, तेवढा.

"तीनमध्ये भागेल," मी म्हणाले.

हे मीच म्हणाले. साहेबांनी जबरदस्ती केली नव्हती, बायांना त्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं.

मफलर वाळले, इस्त्री झाले. एकाच्या कडेचा टाका उसवलेला होता, तो दुकानात जाणार नव्हता. मावशी म्हणाली, "मी घेऊ का गो? पोरीकडं जायाचंय. कसाऱ्याला थंडी लय." मी तो तिच्या डोक्याला बांधला. दोन्ही कान झाकले आणि हनुवटीखाली गाठ मारली. ती आरशात बघून लाजली. म्हणाली, "आता माझे केस कशाला काळे करायचे, हेच बांधून फिरते."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मुलीचा फोन आला. मी शहापूरला राहते. त्यांनी तिला शहापूरच्याच दवाखान्यात आणलं होतं.

मी मावशीला ओळखलं नाही. डोळे दिसतच नव्हते, नुसत्या दोन चिरा. कान फुगून पुढे आलेले. कपाळावर, मानेवर, हनुवटीखाली, जिथे जिथे मफलर टेकला होता तिथे तिथे पाणी भरलेले फोड. मी तिचा हात धरला. तिने मला स्पर्शावरूनच ओळखलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "आजी, केसांना कलप लावला होता?"

"नाय."

"काळी मेंदी?"

"नाय वो."

खोटं नव्हतंच ते. तिने डोक्याला काहीच लावलं नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळला, "तुम्ही नातेवाईक? काही सांगता येईल?" मावशीच्या बोटांनी माझा हात घट्ट आवळला. मी गप्प बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. एवढं आठवतं की समोरच्या खाटेवर एक माणूस संत्रं सोलत होता आणि त्याचं साल काढून होईपर्यंत मी गप्प होते. मग मी डॉक्टरांना मफलरचं सांगितलं. त्यात काय आहे, किती धुतलाय, सगळं.

तो लिहीत गेला. लिहून झाल्यावर म्हणाला, "घसा सुजला असता तर इथवर पोचल्या नसत्या."

तो गेल्यावर मावशी सुजलेल्या ओठांतून म्हणाली, "कशाला बोललीस? आठ बायांची चूल हाय तिथं."

त्या दिवशी अकरा वाजता टेंपो माल घेऊन कल्याणला निघणार होता. साहेबांचा फोन लागत नव्हता. शेडमध्ये फोन केला तर कुणी उचलेना. दुकानाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी धावत स्टँडवर आले. मुरबाडची जीप उभी होती, पण भरली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "दोन सीट आल्या की काढतो." मी म्हटलं, दोन्ही सीट माझ्याच धर. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी काढली. वाटेत मी सगळा वेळ खिडकीची दांडी धरून होते. येणारा प्रत्येक टेंपो आमचाच वाटत होता.

पोचले तेव्हा शेडच्या दारात टेंपोच्या चाकांचे ओले ठसे होते. तशीच उलटी मुरबाड स्टँडवर आले, कल्याणची एसटी धरली आणि दुपारी दुकानात शिरले. गठ्ठे फोडले होते. दुकानदारीणबाई कपाटात मफलर रचत होती. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं बोलले. तिला वाटलं, माझी साहेबांशी भांडणं झालीत आणि मी त्यांचा धंदा बुडवायला आलेय. मग मी मोबाइलवर मावशीचा फोटो दाखवला. तिच्या मुलीने काढलेला. बाईने तोंडावर पदर धरला आणि कपाटातला एकेक मफलर उतरवायला लागली. तीन कमी भरले. गठ्ठे फोडताच गिऱ्हाइकांनी नेले होते. कोण, कुठले, तिला माहीत नव्हतं. ते तीन आजवर सापडले नाहीत.

संध्याकाळी साहेब भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"बाकी कुणाला झालं?"

"अजून नाही."

"मग तिलाच का?"

"तिला त्याची ॲलर्जी होती. खाजायचं ना तिला हाताला. आधीपासून होती."

"म्हणजे ती तिच्या अंगाचीच. आपला काय दोष?"

"साहेब, ती तिला इथेच लागली. अकरा वर्षं तरी मी बघतेय. आपणच दिली तिला."

ते खाली बसले. मग म्हणाले, "पंधरा दिवस घ्या. पाणी मी आणतो. नीट धुतलं की बाधत नाही, एवढं मला दाखवा. मी शेड चालवतो."

त्या पंधरा दिवसांसारखं काम मी आयुष्यात केलं नाही. मोटर दुरुस्त झाली. परत आलेले मफलर आम्ही सात पाणी धुतले, मग दहा, मग साबणाने, मग व्हिनेगरने, मग पुन्हा पाच पाणी. चिंधी पांढरी राहायला लागली. पण मावशीचं तोंड पाहिल्यावर माझा चिंधीवर विश्वास उरला नव्हता. मी धुतलेल्या मफलरचा धागा काढला, ओला केला आणि माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला पट्टीने बांधला. दोन दिवस ठेवायचा आणि बघायचं.

बायांनी ते पाहिलं. एकजण पुढे आली आणि बाही वर करून म्हणाली, "माज्या पन बांध." मी नको म्हटलं. ती म्हणाली, "एका हातावर कोन विश्वास ठेवंल? आमच्या सगळ्यांच्या हाताला बांध, मंग साहेबांना दाव." तिचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा कुठेच टिकत नव्हता आणि घर तिच्या पगारावर चालायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्यामागे दुसरी आली. मग आठही जणी रांगेत उभ्या राहिल्या. आणि मी बांधले ते धागे. इतकी घायकुतीला आले होते की बांधले.

तिसऱ्या दिवशी मी माझी पट्टी सोडली. हात स्वच्छ होता. मला इतका आनंद झाला की मी तशीच बाहेर धावले. बायांनी सांगितलं, कुणालाच काही झालं नाही. काहींनी घरीच पट्ट्या सोडून टाकल्या होत्या. "काय नाय गो, चांगलं हाय. सांग साहेबांना."

मी साहेबांना फोन लावायला निघाले आणि जेवायची सुट्टी झाली. बाया हात धुवायला नळापाशी गेल्या. डिसेंबरचा महिना, सगळ्यांच्या अंगात स्वेटर नाहीतर लांब बाह्यांचे शर्ट. एरवी हात धुताना बाह्या वर सारतात. त्या दिवशी तिघींनी सारल्या नाहीत. ती नवी नवरी तर बाही पाण्यात भिजली तरी तशीच धूत राहिली.

मी तिच्याजवळ गेले. "बाही वर कर."

"कशाला?"

"कर वर."

"थंडी वाजते."

मी तिचा हात धरला. तिने जोरात ओढून घेतला. आमची झटापटच झाली म्हणायची, त्या नळापाशी, चिखलात. बाकीच्या बघत होत्या, कुणी मध्ये पडली नाही. शेवटी तिची बाही माझ्या हातात आली. कोपराच्या आत लाल, टरारलेलं, खाजवून खाजवून सोललेलं. धागा जिथून गेला होता ती रेघ स्पष्ट दिसत होती.

ती रडायला लागली. "दोन दिसात बरं व्हईल. हळद लावलीय मी. नको सांगू ताय."

मग दुसरीने आपली बाही वर केली. मग तिसरीने. माझा हात स्वच्छ राहिला होता कारण मी अकरा वर्षं मोजे घातले होते. ज्यांनी उघड्या हाताने पावडर भरली, त्यांच्या अंगाला ती ओळखीची झाली होती. इतक्या पाण्यांनंतर राहिलेला कणही पुरत होता. आणि रंगवायचं काम तर त्याच करणार होत्या, रोज.

मी वहीत लिहिलं. तीन हात. साहेबांना वही दिली. त्यांनी ती वाचली, बंद केली आणि माझ्याकडे परत दिली. जानेवारीत शेडला कुलूप लागलं. उरलेली पिंपं रसायनांचा कचरा नेणाऱ्या गाडीने नेली. जाताना साहेबांनी प्रत्येकीच्या हातात दोन महिन्यांचा पगार ठेवला आणि मावशीच्या औषधाचा खर्च केला. वाईट माणूस नव्हता.

मावशीची नजर वाचली. कानामागची कातडी अजून काळपट आहे. आता ती गावीच असते, केस पांढरेशुभ्र झालेत. मी गेले की वालाच्या शेंगा बांधून देते. एकदा मी तिच्यासमोर रडले, म्हटलं, सात पाणी लिहिलेलं होतं मावशी, मला माहीत होतं. ती म्हणाली, "माहीत व्हतं तुला. मला पन माहीत व्हतं, हात खाजतो ते. काम सोडलं का मी?" यात माफी होती की नव्हती, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

मी शहापूरला बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. बाया पांगल्या. कुणी पोल्ट्रीवर, कुणी वीटभट्टीवर, दोघी मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवर झाडलोट करायला. मागच्या महिन्यात मुरबाडच्या स्टँडवर ती नवी नवरी भेटली. आता कडेवर मूल होतं. मी हाक मारली. ती थांबली. मी विचारलं, कशी आहेस, काम कुठे करतेस. तिने सांगितलं. मग मुलाची टोपी सरळ करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार दिसात गेलं व्हतं बग ते. सांगितलं व्हतं मी तुला."

मी तिला सांगणार होते की ते तसं जात नाही, ते आत राहतं, पुढच्या वेळी दुपटीने उठतं. तिने कधी केसांना कलप लावू नये, मुलालाही तेच रसायन घातलेल्या काळ्या मेंदीपासून जपावं. एवढं तरी सांगायलाच हवं होतं. पण जीप भरत आली होती, ड्रायव्हर हाका मारत होता. ती मूल सावरत चढली आणि पलीकडच्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून बसली. मी खिडकीपाशी जाऊन ते बोललेही. इंजिन चालू होतं. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.